हंगामाचा हिशेब

समुद्रकाठच्या घरात तीन कॅलेंडरे चालतात. एक भिंतीवरचे, इंग्रजी महिन्यांचे; ते शाळेसाठी आणि बँकेसाठी. दुसरे हिजरी; ते रोजे, ईद आणि जकातीसाठी. तिसरे कुठे छापलेले नसते. ते वाऱ्याचे आणि भरती-ओहोटीचे असते, आणि आमच्या घरच्या नौकेचे वर्ष त्या तिसऱ्या कॅलेंडरावर चालते. १ ऑगस्टला ते सुरू होते आणि ३१ मे रोजी संपते. मधले ६१ दिवस, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, इंजिनाच्या नौकांना मासेमारीची बंदी असते. हे दिवस माशांच्या विणीचे असतात आणि समुद्रही खवळलेला असतो, म्हणून शासनाने हा नियम केला आहे. मासळीला वाढायला वेळ मिळतो आणि माणसांचे जीव वाचतात.

नियम अलीकडचा असला तरी समुद्राची ही सुट्टी फार जुनी आहे. पंधराव्या शतकात अहमद इब्न माजिद नावाचे मोठे अरब नाविक होऊन गेले. हिंदी महासागरातल्या प्रवासावर त्यांनी ‘किताबुल फवाइद’ हा ग्रंथ लिहिला. कोणत्या बंदरातून कोणत्या दिवसांत निघावे आणि कधी निघू नये, याचा हिशेब त्यांनी त्यात मांडला आहे. ऐन पावसाळ्याच्या काळाला ते नाविक ‘समुद्र बंद झाला’ असे म्हणत. प्रवासाच्या ठरलेल्या काळाला अरबीत ‘मौसिम’ म्हणतात. आपला ‘मौसम’ तोच, आणि पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेलेला ‘मान्सून’ही तोच. आमच्या वाडीत नौकेच्या मालकाला ‘नाखवा’ म्हणतात. तो फारसीतल्या ‘नाखुदा’चा, म्हणजे नौकेच्या धन्याचा, भाऊ. आणि गंमत अशी की, त्या काळी नौकेला वाट दाखवणाऱ्या जाणकाराला ‘मुअल्लिम’ म्हणत. मुअल्लिम म्हणजे शिक्षक. आमच्या घरात एक भाऊ नौका सांभाळतो आणि आम्ही शाळा सांभाळतो. समुद्राची वाट दाखवणे आम्हाला जमणार नाही, पण नौकेची हिशेबाची वही मात्र या मास्तरकीमुळेच आमच्या हाती आली आहे. वहीची गोष्ट सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

ज्यांचा समुद्राशी संबंध नाही त्यांना वाटते की ३१ मे रोजी नौका परत आली की हंगाम संपला. खरे तर हंगाम संपवायला पंधरा-वीस दिवस लागतात. मे महिन्यातल्या अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणावर सगळ्यांचे लक्ष असते, कारण मोठी भरती आली तरच नौका खाडीत वरपर्यंत आणता येते. पूर्वी ओंडके घालून दोरखंडाने नौका ओढत. सगळा मोहल्ला खांदा द्यायला येई आणि त्यानंतर सर्वांना चहा-नाश्ता होई. आता क्रेन येते आणि तासाचे पैसे घेऊन जाते. नौका वर आली की तळाला चिकटलेले शिंपले आणि शेवाळ खरवडायचे. पंखा आणि त्याचा दांडा तपासायचा. इंजिन गोड्या पाण्याने धुऊन, तेल बदलून, कोरडे करून ठेवायचे; नाहीतर दोन महिन्यांत खाऱ्या हवेने ते गंजून जाते. बॅटरी, वायरलेस, मासळी शोधायचे यंत्र, दिवे, सगळे काढून घरी आणायचे. लाइफ जॅकेट मोजून, वाळवून टांगायचे. जाळी उन्हात वाळवून, फाटलेले सांधून, उंदीर लागणार नाहीत अशा जागी ठेवायची. शेवटी नौका शाकारायची. पूर्वी नारळाच्या झापांनी शाकारत, आता ताडपत्रीने.

याच दिवसांत घरात आगोटची बेगमी चालू असते. अम्मी आणि भाभी अंगणात सोडे, जवळा, सुके बांगडे वाळवतात. मसाला कुटून होतो, लाकूडफाटा आत येतो. किनाऱ्यावरच्या घरात पावसाळ्याचे चार महिने या वाळवणावरच निघतात. त्यातले थोडे घाटावरच्या नातेवाइकांकडे जाते आणि थोडे विकले जाते. ही कमाई घरातल्या बायकांची असते आणि ती वहीत वेगळी लिहिली जाते. अब्बांच्या वेळेपासून तसा शिरस्ता आहे. बाईच्या कमाईवर तिचाच हक्क, ही शरीअतची शिकवण आमच्या घरी किताबातून येण्याआधी वहीतून आली.

हे सगळे नेहमीच्या वर्षाचे झाले. २०२५ चा मे महिना मात्र वेगळा निघाला.

मासेमारीत शेवटचे दहा-बारा दिवस फार महत्त्वाचे असतात. दहा महिन्यांत डिझेल उधारीवर भरलेले असते, बर्फवाल्याचे बाकी असते, जाळ्याच्या दुकानात खाते चढलेले असते. हंगामाच्या शेवटच्या फेऱ्यांत जे हाती येते त्यातून ही उधारी फिटते. बंदी जवळ आली की मासळीला भावही बरा मिळतो. म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यात सगळ्या नौका जोर लावतात. त्या वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पाऊस कोसळू लागला. अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, ते वाढत गेले आणि २४ मे रोजी रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून आत शिरले. त्याच दिवशी मान्सून केरळात पोहोचला. २५ मे रोजी तो तळकोकणात आला आणि २६ मे रोजी मुंबईत. जूनमध्ये यायचा पाहुणा मेमध्येच दारात उभा राहिला. समुद्रात जाऊ नका असे इशारे आले, नौका खाडीत घुसल्या आणि हंगाम तिथेच संपला. कागदावर तो ३१ मेपर्यंत होता, पाण्यावर मात्र आठ-दहा दिवस आधीच मिटला होता.

अंगणातले वाळवण भिजले. सोड्यांना बुरशी आली, अर्धे बांगडे फेकावे लागले. जाळी वाळवायला ऊन मिळेना. २७ मेच्या अमावास्येच्या उधाणावर भर पावसात नौका वर घेतली. भाई चिखलात गुडघाभर उभे राहून दोर धरत होते आणि खलाशी पोरे ओरडून एकमेकांना इशारे देत होती. नौका सुखरूप वर आली, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या रात्री वही उघडली तेव्हा घरात कोणी फारसे बोलेना. समोर तीन गोष्टी होत्या. खलाशांचे पैसे द्यायचे होते. उधारी फेडायची होती. आणि ७ जूनला बकरी ईद होती.

आमच्या नौकेवर एक तांडेल आणि सहा खलाशी. तांडेल शेजारच्या मोहल्ल्यातले, वयाने अब्बांच्या पिढीतले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. खलाशांपैकी चार नेपाळचे आणि दोन कर्नाटकाचे. कोकणच्या बंदरांवर आता नेपाळची पोरे सगळीकडे दिसतात. डोंगरातून येतात, समुद्र पहिल्यांदा इथेच पाहतात आणि दोन वर्षांत आमच्या पोरांपेक्षा चांगले जाळे टाकतात. आमच्या सहापैकी एकही मुसलमान नाही. चाचांचा हिस्सा वाट्याचा: डिझेल, बर्फ, शिधा हा खर्च वजा जाता जे उरते त्यातला ठरलेला वाटा. खलाशांचा महिन्याचा पगार ठरलेला. त्यातला काही भाग ते दर महिन्याला घरी पाठवायला घेतात आणि बाकीचा मालकाकडे ठेवतात. गावी जाताना एकदम घेऊन जातात, म्हणजे वाटेत उडत नाही. ही बाकी म्हणजे त्यांची अमानत.

पहिला प्रश्न त्या वाया गेलेल्या दिवसांचा निघाला. नौका खाडीत बांधून होती, मासळी नव्हती. मग त्या दिवसांचा पगार द्यायचा का? बंदरावर काही जण देत नव्हते. भाईंच्या डोक्यावर उधारीचे ओझे होते, ते म्हणाले, “मासळीच नाही तर पैसा आणू कुठून?” अम्मी सुपारी कातरत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “पोरं त्या दिवसांत गेली कुठं होती? तुझ्याच नौकेवर होती ना? पाऊस अंगावर घेऊन तिची राखण करीत होती.”

आम्ही मोहल्ल्याच्या मौलानांना विचारले. त्यांनी फिकहमधला फरक समजावून सांगितला. मजूर दोन प्रकारचे. एक जो काम करून देण्याचे पैसे घेतो, जसा शिंपी किंवा सुतार. काम झाले की पैसे. दुसरा जो आपला वेळच एका मालकाला देतो. त्याला ‘अजीर खास’ म्हणतात. तो कामासाठी हजर राहिला आणि मालकाकडे काम नसले, तरी त्याची मजुरी त्याला मिळाली पाहिजे, कारण त्याने आपला वेळ तर दिलाच आहे. महिन्याच्या पगारावरचा खलाशी दुसऱ्या प्रकारात येतो. वाट्यावरच्या माणसाचे वेगळे. तो नफ्यात भागीदार आहे, म्हणून मासळी नसेल तर त्याचाही वाटा नाही. भाईंनी मौलानांचे म्हणणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मग लिही पूर्ण महिना.” आम्ही सहाही जणांचा पूर्ण मे लिहिला.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी देण्याबद्दलची हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी मदरशात ऐकलेली आहे. समुद्रावर घाम आणि खारे पाणी वेगळे कळत नाही, पण हुकूम तोच आहे. त्यात मजुराचा धर्म विचारलेला नाही.

दुसरा प्रश्न कुर्बानीचा होता आणि तो अधिक अवघड होता. आमच्या घरी दर वर्षी दोन बकऱ्यांची कुर्बानी होते, दोन भावांची दोन. नाखव्याचे घर म्हणून मोहल्ल्यात लोकांची नजर असते. कुणाच्या दारी किती बकरे बांधले, हे पोरे मोजत फिरतात. घाटावरच्या एका व्यापाऱ्याकडे भाईंनी दोन बकरे पसंतही केले होते. पैसे द्यायचे होते. खलाशांचे सगळे चुकते केले तर दोन बकऱ्यांचे पैसे उरत नव्हते. खलाशांचे काही पैसे ऑगस्टपर्यंत थांबवले असते तर जमले असते. बंदरावर असे सर्रास होते. पैसे मागे ठेवले की खलाशी पुढच्या हंगामाला नक्की परत येतो, असेही काही मालक उघड म्हणतात.

आम्ही कोकणचे मुसलमान बहुतेक शाफई मसलकाचे. शाफई मसलकात कुर्बानी ही सुन्नते मुअक्कदा आहे, म्हणजे जिच्यावर फार भर दिला आहे अशी सुन्नत, वाजिब नाही. घरातल्या एकाने केली तरी त्या घराची सुन्नत अदा होते. हनफी मसलकात ऐपत असलेल्यावर ती वाजिब आहे, तेव्हा त्या मसलकाच्या वाचकांनी आपल्या उलमांना विचारावे. आमच्या बाबतीत मौलानांनी सरळ सांगितले की लोकांची देणी आधी, सुन्नत नंतर. आणि दुसऱ्याचे पैसे त्याच्या मर्जीशिवाय अडवून केलेल्या कुर्बानीत कसले समाधान?

त्या रात्री भाईंनी व्यापाऱ्याला फोन करून एकच बकरा ठेवायला सांगितले. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ ओट्यावर पावसाकडे पाहत बसले. दहा महिने पहाटे तीनला उठून समुद्रावर जाणाऱ्या माणसाला मोहल्ल्यासमोर हात आखडता घ्यावा लागणे काय असते, ते आम्हाला पगारदारांना पूर्ण कळणार नाही. भाभी चहा घेऊन गेल्या आणि त्यांच्याजवळ बसल्या. आम्ही आत वही लिहीत राहिलो.

कुरआनातली सर्वांत लांब आयत कोणत्या विषयावर आहे, हे आम्ही दर वर्षी शाळेतल्या मुलांना विचारतो. कुणी नमाज सांगते, कुणी जन्नत. ती सूरह बकरामधली २८२ वी आयत आहे, आणि ती देण्याघेण्याच्या लिखापढीबद्दल आहे. कर्ज मुदतीचे असेल तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. मुलांना आश्चर्य वाटते. आम्हाला वाटत नाही, कारण तोंडी हिशेबावर तुटलेली घरे आम्ही किनाऱ्यावर पाहिली आहेत. दोन सख्खे भाऊ, एक नौका, वही नाही. आणि दहा वर्षांनी दोघांची तोंडे दोन दिशांना.

म्हणून आमच्याकडे हंगामाचा हिशेब खलाशांसमोर वाचला जातो. २९ मेच्या संध्याकाळी पडवीत सगळे बसले. दर महिन्याला कुणी किती उचल घेतली, घरी किती पाठवले, दवाखान्याचे किती, बाकी किती, हे आम्ही एकेकाचे हिंदीत वाचले. ज्याला लिहिता येते त्याने सही केली, ज्याला येत नाही त्याने अंगठा दिला, आणि चाचा साक्षीदार म्हणून बसले. प्रत्येकाच्या हातात त्याच्या हिशेबाचा कागद दिला. कर्नाटकच्या पोराने कागद नीट घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पिशवी खिशात ठेवली. समुद्रावर मोबाइल भिजू नये म्हणून ती तशीच ठेवतात.

पैसे मोजायची वेळ आली तेव्हा चाचांनी आपला वाटा पुढे सरकवू दिला नाही. म्हणाले, “पोरांचं आधी दे. त्यांना लांब जायचंय. माझं घर इथंच आहे, मी जुलैत घेईन.” सहा जणांची बाकी पूर्ण झाली. डिझेलवाल्याला निम्मे दिले आणि उरलेल्याची मुदत लिहून घेतली. बर्फवाल्याचे पूर्ण फिटले. पतसंस्थेचा हप्ता गेला. इंजिनाचे मोठे काम पुढे ढकलावे लागले. जूनमध्ये चाचांचा वाटा आमच्या पगारातून दिला, तो नौकेच्या खात्यावर कर्ज म्हणून वहीत चढवला. भाऊ असलो तरी चढवला.

पुढच्या हंगामासाठी खलाशांना पावसाळ्यात आगाऊ उचल द्यायची रीत आहे. ती त्या वर्षी देता आली नाही. आमच्या घरात या रितीबद्दल दोन मते आहेत. गरजेला उचल देणे ही मदत आहे, गावी लग्न असते, आजारपण असते. पण ती फिटता फिटत नाही इतकी दिली की माणूस पैशाला बांधला जातो, मग त्याला दुसरीकडे जायची मुभा राहत नाही. मुभा असलेला माणूस परत आला तर तो आपल्या मर्जीने आला. नेपाळची चौघे कोकण रेल्वेने मुंबईला आणि तिथून गोरखपूरच्या दिशेने गेली. जाताना अम्मींनी प्रत्येकाला वाळवणातून वाचलेल्या सोड्यांची पुडी दिली. ऑगस्टमध्ये सहापैकी चार परत आले. दोघे दुसऱ्या नौकेवर गेले, तिथे उचल मिळाली होती. त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. त्यांचा हिशेब पूर्ण झालेला होता.

तिसरा मुद्दा जकातीचा. अनेक वाचक घरांत दुकान, रिक्षा, टेम्पो, शिलाई मशीन असते, त्यांनाही हा उपयोगी पडेल. नौका लाखोंची असते, मग तिच्या किमतीवर जकात किती, असे लोक विचारतात. रोजीचे साधन, म्हणजे ज्याच्यावर आपण काम करून कमावतो ते हत्यार, वाहन, नौका, यांच्या किमतीवर जकात नाही. त्यातून आलेला पैसा निसाबाइतका असेल आणि त्यावर हिजरी वर्ष पूर्ण झाले असेल तर जकात आहे. विकायला ठेवलेल्या मालाचा नियम वेगळा.

यात एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. दर जुम्म्याला आपण सूरह कहफ पढतो. त्यात हजरत मूसा (अलैहिस्सलाम) आणि हजरत खिज्र यांच्या प्रवासाचा किस्सा आहे. दोघे एका नौकेत बसतात आणि खिज्र त्या नौकेला खोट पाडतात. मूसांना राहवत नाही. पुढे खुलासा होतो की ती नौका समुद्रावर राबणाऱ्या काही मिस्कीन माणसांची होती, आणि पलीकडे एक बादशहा होता जो प्रत्येक धडधाकट नौका जबरदस्तीने बळकावीत होता. खोट पडली म्हणून नौका वाचली. इमाम शाफई (रहमतुल्लाह अलैह) यांनी याच आयतीवरून एक मसला काढला. फकीर आणि मिस्कीन यांत अधिक हलाखीचा कोण, हा प्रश्न होता. इमामसाहेबांनी सांगितले की फकीर अधिक हलाखीचा, कारण कुरआनाने ज्यांना मिस्कीन म्हटले त्यांच्याकडे निदान नौका तरी होती. म्हणजे मालकीची नौका असूनही माणूस गरजवंत असू शकतो. दारात नौका आहे एवढ्यावरून त्या घरात चूल नीट पेटते असे समजू नये. मोहल्ल्यात जकात आणि मदत वाटणाऱ्यांनी मे-जूनमध्ये हे ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात मासेमार घरांत कमाई बंद असते आणि इज्जतीपायी कोणी हात पसरत नाही.

त्याच किस्स्याने त्या पावसाळ्यात भाईंना धीर दिला. शेवटचे दहा दिवस बुडाले याचे दुःख होतेच. पण आमच्या किनाऱ्याने ११ नोव्हेंबर २००९ चे फयान वादळ पाहिले आहे. त्या दिवशी समुद्रावर गेलेली कितीतरी माणसे परत आली नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यात अशी घरे आहेत जिथे अजून त्या तारखेला कोणी मोठ्याने बोलत नाही. २०१९ मध्ये क्यार आले, ३ जून २०२० ला निसर्ग, मे २०२१ मध्ये तौक्ते. प्रत्येक वेळी नौका फुटल्या, जाळी गेली. २०२५ मध्ये इशारा वेळेवर आला, वाडीतल्या नौका वेळेवर आत आल्या, आणि आमच्या नौकेवरची सातही माणसे पडवीत बसून आपला हिशेब ऐकू शकली. पैशाची खोट पडली, माणसांची पडली नाही. हंगामाच्या वहीत शेवटच्या पानावर आम्ही ही नोंद करतो: किती फेऱ्या झाल्या, किती माणसे गेली, किती परत आली. त्या पानावर त्या वर्षी दोन्ही आकडे सारखे होते. त्याखाली भाईंनी आपल्या हाताने ‘अल्हम्दुलिल्लाह’ लिहिले.

ईदच्या दिवशी एका बकऱ्याची कुर्बानी झाली. गोश्ताचे वाटे लहान झाले, पण दर वर्षी ज्या घरांत जातात त्या सगळ्या घरांत गेले. मोहल्ल्यात एक-दोघांनी विचारले, “यंदा एकच?” भाई म्हणाले, “यंदा हंगाम लवकर संपला.” बंदरावरच्या माणसांना तेवढे पुरले. पुढच्या दोन दिवसांत शेजारचे आणखी एक नाखवा आमच्याकडे येऊन हिशेबाच्या कागदाचा नमुना मागून घेऊन गेले. त्यांच्या घरी लिहिणारे कोणी नव्हते, म्हणून त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला आम्ही दोन संध्याकाळी वही घालायला शिकवली. आता त्या नौकेची वही ती लिहिते.

वाचक बंधू-भगिनींनो, हंगाम प्रत्येक घराला असतो. शेतकऱ्याचा सुगीला संपतो, आंबेवाल्याचा मेअखेर, शाळेचा एप्रिलात, दुकानदाराचा ईदनंतर. आपण हंगाम सुरू करताना दुआ करतो, कुरआनखानी ठेवतो, शिरणी वाटतो. संपवतानाही तेवढाच वेळ काढावा असे आम्हाला वाटते. घरातल्या सर्वांना बसवावे. ज्यांनी आपल्यासाठी राबून दिले, मग ती घरकाम करणारी बाई असो, दुकानातला पोऱ्या असो की बागेतला गडी, त्यांची बाकी आधी काढावी. जे देता येत नाही त्याची मुदत बोलून लिहून द्यावी. मुलांना तिथे बसवावे; पैसा कुठून येतो आणि आधी कुणाकडे गेला पाहिजे, हे त्यांना त्या एका संध्याकाळी जेवढे कळते तेवढे वर्षभराच्या उपदेशाने कळत नाही. अल्लाहचा हक्क अल्लाहच्या रहमतीवर सोडता येतो, पण बंद्यांचा हक्क बंद्याने माफ केल्याशिवाय सुटत नाही, हे आपले बुजुर्ग सांगत आले आहेत.

अल्लाह तआला आपल्या सर्वांच्या रिज्कमध्ये बरकत देवो, समुद्रावर, शेतावर आणि परदेशी राबणाऱ्या प्रत्येकाला सुखरूप घरी आणो, आणि आपली वही कुणाच्या हक्काने जड होऊ न देवो. आमीन.